आभाळ आलं, आता पाऊस की थंडी? गोसीखुर्दच्या शरद ऋतूचा एक पाठ



दसरा झाला की आपल्याकडे एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो, "यंदा थंडी कधी पडणार?" शहरातला माणूस हा प्रश्न स्वेटर बाहेर काढायचा की नाही, एवढ्यासाठी विचारतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात मात्र त्या प्रश्नाला धान बांधलेलं आहे. ऑक्टोबर संपता संपता हलकं धान कापून बांध्यांमध्ये पडलेलं असतं आणि भारी धान उभं असतं. अशा वेळी एका संध्याकाळी आभाळ येतं. रात्र उबदार वाटायला लागते. मग घरातलं कुणीतरी अंगणात उभं राहून म्हणतं, "आभाळ आलं जी, कडपा उचलाव्या लागतील."

खरंच उचलायच्या का? की हे आभाळ नुसतं येऊन जाईल आणि मागून थंडी पडेल? आजचा पाठ याच प्रश्नावर आहे. भूगोलाच्या पुस्तकातली 'शीत आघाडी' आणि आपल्या गोसीखुर्दचं आभाळ यांचा संबंध काय, तो आपण पायरी पायरीने बघू. वही आणि पेन्सिल जवळ ठेवा, कारण मध्ये थोडं गणितही आहे.

१. आधी जागा समजून घेऊ

गोसीखुर्द हे पवनी तालुक्यातलं गाव. वैनगंगेवरच्या मोठ्या धरणामुळे हे नाव महाराष्ट्रभर माहीत झालं. धरणाचं अधिकृत नाव इंदिरा सागर. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाची भिंत सुमारे ११ किलोमीटर लांब आहे आणि तिला ३३ दरवाजे आहेत.

हवामानाच्या दृष्टीने या जागेच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट अक्षांशाची. गोसीखुर्द साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला.

दुसरी गोष्ट समुद्रापासूनच्या अंतराची. अरबी समुद्र आपल्यापासून दूर आहे. मुंबईचा किनारा सरळ रेषेत सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास भरतो. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ. विशाखापट्टणम सरळ रेषेत सुमारे सव्वापाचशे किलोमीटरवर आहे. हा आकडा पुढे लागणार आहे, आत्ताच वहीत लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट नदीची. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटकडून आपल्याकडे येते. भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत ती साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे धरणाचं अडलेलं पाणी भिंतीच्या उत्तरेला, भंडारा शहराच्या बाजूला पसरलेलं आहे. म्हणजे उत्तरेचा वारा सुटला की तो आधी या पाण्यावरून येतो आणि मग धरणाच्या भिंतीपाशी पोचतो.

२. शरद म्हणजे नेमकं काय?

आपल्या पंचांगात आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. शेतकरी मात्र नक्षत्रांनी मोजतात. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात आणि २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वातीत जातो. मृगापासून सुरू झालेली पावसाची नक्षत्रं स्वातीबरोबर संपतात. हवामानशास्त्राची भाषा वेगळी असली तरी हिशेब जवळपास जुळतो. नैर्ऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भातून माघार घेतात.

पाऊस गेला की लगेच थंडी का नाही पडत? उलट 'ऑक्टोबर हीट' का जाणवते? कारण साधं आहे. ढगांची छत्री उघडली गेली, ऊन सरळ जमिनीवर पडायला लागलं. पण जमीन अजून ओली आहे, बांध्यांमध्ये पाणी आहे, हवेत दमटपणा आहे आणि वारा पडलेला आहे. ऊन, दमटपणा आणि पडलेला वारा एकत्र आले की घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो.

आता सूर्याचं गणित करू. दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो? २३ सप्टेंबरला तो विषुववृत्तावर असतो, म्हणून ९० − २१ = ६९ अंश. २२ डिसेंबरला तो मकरवृत्तावर, म्हणजे साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो, म्हणून ६९ − २३.५ = ४५.५ अंश. तीन महिन्यांत सूर्य एवढा कलतो. किरण तिरपे झाले की तेवढीच उष्णता जास्त जमिनीवर पसरते आणि दिवसही लहान होतो.

याचा परिणाम नागपूरच्या सरासरी तापमानात दिसतो. ऑक्टोबरात रात्रीचं किमान तापमान सुमारे २० ते २१ अंश असतं, नोव्हेंबरात ते १६ च्या आसपास येतं आणि डिसेंबरात १३ च्या आसपास. सरासरी अशी हळूहळू उतरते, पायऱ्या उतरल्यासारखी. पण प्रत्यक्षात आपल्याला काय अनुभव येतो? "काल रात्री पंखा लागत होता, आज गोधडी लागली." थंडी अशी एकदम का पडते? इथे आघाडी हा शब्द लागतो.

३. पुस्तकातली शीत आघाडी

दोन वेगळ्या हवा एकमेकींना भिडतात, पण लगेच मिसळत नाहीत. एक थंड आणि कोरडी, दुसरी उबदार आणि दमट. त्यांच्यामधल्या सीमेला आघाडी म्हणतात. ही कल्पना नॉर्वेतल्या बर्गेन शहरात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर लगेच मांडली. विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचा मुलगा याकोब ही त्यातली मोठी नावं. युद्धाच्या बातम्यांमध्ये 'आघाडी' हा शब्द रोज ऐकू येत होता. दोन सैन्यं जशी समोरासमोर उभी, तशा या दोन हवा. म्हणून तेच नाव पडलं.

थंड हवा जड असते. ती पुढे सरकताना जमिनीलगत पाचरीसारखी घुसते आणि उबदार हवेला वर ढकलते. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे ढग बनतात, जोराचा पाऊस पडतो. शीत आघाडी एखाद्या गावावरून जाते तेव्हा हा क्रम दिसतो :

• आधी हवेचा दाब कमी होत जातो, वारा दक्षिणेच्या बाजूचा असतो, हवा उबदार लागते.
• मग उंच ढगांची रांग येते, गडगडाट होतो, सरी पडतात.
• वारा झटक्यात फिरतो आणि वायव्येकडून किंवा उत्तरेकडून वाहू लागतो.
• तापमान घसरतं, दाब वाढतो, आकाश स्वच्छ होतं.

याचं एक जबरदस्त उदाहरण अमेरिकेत घडलं. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटी या शहरात दिवसा तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअस होतं. शीत आघाडी आली आणि त्याच तारखेला, मध्यरात्रीच्या आत, ते उणे ८ अंशांपर्यंत उतरलं. एका दिवसात ३६ अंशांचा फरक! सकाळी सदऱ्यावर बाहेर पडलेल्या माणसाला घरी परतताना बर्फाळ वारा लागला, असा तो दिवस.

४. तशी आघाडी गोसीखुर्दला का येत नाही?

अमेरिकेचा नकाशा उघडा. कॅनडापासून टेक्सासपर्यंत मधला सगळा भाग सपाट आहे. ध्रुवाकडची थंड हवा सरळ खाली धावत येते, तिला आडवी भिंत नाही.

आता आशियाचा नकाशा बघा. आपल्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे, सुमारे २४०० किलोमीटर लांब. थंड, जड हवेचा थर जमिनीलगतच असतो. तो ही भिंत ओलांडू शकत नाही. म्हणून "सायबेरियाचा वारा आला म्हणून थंडी पडली" असं जे आपण सहज म्हणतो, ते बरोबर नाही. सायबेरियाची हवा हिमालयाच्या पलीकडेच अडते.

मग आपली थंडी येते कुठून? ती येते पश्चिमी विक्षोभांच्या मागून. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर आणि हिमाचलकडे येतात. तिथे पाऊस आणि बर्फ पडतो. विक्षोभ पूर्वेला सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडी, थंड हवा पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश असा प्रवास करत खाली उतरते. सातपुडा वाटेत लागतो, पण तो हिमालयासारखी उंच, सलग भिंत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यासारख्या मोकळ्या वाटा त्यात आहेतच.

या लांबच्या प्रवासात ती हवा तापलेल्या जमिनीवरून येते, त्यामुळे तिची धार बोथट होते. उबदार हवा आणि थंड हवा यांच्यातली रेषा पुसट होत जाते. म्हणून आपल्याकडे पोचते ती पूर्ण आघाडी नसते. आपण तिला आघाडीची सावली म्हणू. गडगडाट नाही, सरी नाहीत. पण क्रम मात्र तोच, फक्त सौम्य :

• आधी एक-दोन दिवस वारा दक्षिणेच्या किंवा आग्नेयेच्या बाजूचा होतो. उंचावर पांढऱ्या, पिसांसारख्या ढगांचा पातळ पडदा दिसतो. रात्री उबदार जातात.
• मग वारा फिरतो. वायव्य किंवा उत्तर दिशेने कोरडी झुळूक सुरू होते.
• आकाश निळंशार होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे थंडी झोंबते.

म्हणजेच, थंडी पडण्याआधी कधीकधी आभाळ येतं आणि रात्र उबदार होते. हे वाक्य अधोरेखित करा.

५. स्वच्छ आकाश थंडी कशी वाढवतं?

वाऱ्याने आणलेली कोरडी हवा ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली थंडी आपल्या गावातच तयार होते.

दिवसा जमीन उष्णता घेते आणि रात्री ती आकाशाकडे परत फेकते. ढग आणि वाफ या उष्णतेचा काही भाग अडवून खाली पाठवतात, गोधडीसारखे. म्हणून पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. नागपूरच्या सरासरीत जुलैमध्ये हा फरक साधारण ७ ते ८ अंश असतो, नोव्हेंबरात तो १४ अंशांच्या आसपास जातो. आभाळाची गोधडी निघाली की जमीन उघडी पडते!

वारा पडलेल्या, स्वच्छ रात्री आणखी एक गंमत होते. जमिनीलगतची हवा सगळ्यात थंड होते आणि तिच्या वर थोडी उबदार हवा राहते. एरवी वर जावं तसं तापमान कमी होतं, इथे उलटं. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. हे बघायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी चुलीचा धूर घरांच्या छपराइतका वर जातो आणि मग आडवा पसरतो, गावावर निळसर पट्टा दिसतो. हीच ती विपरीतता.

आवाजावरही तिचा परिणाम होतो. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, दंडार होते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. दूरच्या गावातलं नाटकाचं गाणं थंडीच्या रात्री आपल्या अंगणात स्पष्ट ऐकू येतं की नाही? दिवसा तेवढ्याच अंतरावरचा भोंगा ऐकू येत नाही. कारण वरच्या उबदार थरातून आवाजाच्या लाटा पुन्हा जमिनीकडे वाकतात.

६. दव आणि धुकं : एक छोटं गणित

हवेत वाफ किती मावते हे तापमानावर ठरतं. एक घनमीटर हवेत ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, १५ अंशांना सुमारे १३ ग्रॅम आणि १० अंशांना साधारण ९ ग्रॅम.

समजा दुपारी तापमान ३० अंश आहे आणि हवेत १३ ग्रॅम वाफ आहे. मग सापेक्ष आर्द्रता १३ ÷ ३० × १०० = सुमारे ४३ टक्के. हवा कोरडी वाटेल. रात्री १० वाजता तापमान २० अंशांवर आलं. वाफ तेवढीच, पण आर्द्रता १३ ÷ १७ × १०० = सुमारे ७६ टक्के. पहाटे १५ अंश झाले की १३ ÷ १३ म्हणजे १०० टक्के! आता हवेला वाफ धरवत नाही. ती गवतावर, धानाच्या लोंब्यांवर, सायकलच्या सीटवर दव होऊन बसते.

नदीवरचं धुकं थोडं वेगळं. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. पहाटे हवा निवलेली असते पण धरणाचं पाणी अजून कोमट असतं. पाण्यातून वर आलेली वाफ थंड हवेत शिरताच तिचे बारीक थेंब होतात. गरम चहाच्या कपावर वाफ दिसते, तसंच हे. म्हणून जलाशयावर धुकं तरंगताना दिसलं, तर समजा की हवा पाण्यापेक्षा बरीच थंड झाली आहे.

७. दुसरं आभाळ : बंगालच्या उपसागराचं

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आघाडीची सावली येताना आभाळ येतं आणि रात्र उबदार होते, हे बघितलं. पण नेमक्या याच दिवसांत आणखी एक आभाळ येऊ शकतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन ओडिशात गोपाळपूरजवळ धडकलं. बरोबर एका वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याच्या बाजूला आलं आणि त्याचा कमजोर झालेला भाग पुढे छत्तीसगड आणि पूर्व विदर्भाच्या दिशेने सरकला. किनाऱ्यावर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो, पण त्याची वाफ ओसरत नाही. ती पाऊस होऊन आपल्या बांध्यांमध्ये पडते.

कापलेल्या धानाच्या कडपा वाळायला पसरलेल्या असतात. त्या भिजल्या, बांधीत पाणी साचलं आणि दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही, तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटतो, दाणा काळा पडतो. खरेदी केंद्रावर धानातला ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे चार महिन्यांची मेहनत शेवटच्या दोन रात्रींत अडकते. दुसरीकडे, उगाच घाबरून ओल्या कडपा उचलल्या आणि पुंजणं रचलं, तर आत ऊब धरून धान खराब होतं. म्हणून कोणतं आभाळ आलंय हे ओळखणं हा नुसता परीक्षेचा प्रश्न नाही.

८. डावा हात काय सांगतो?

१८५७ साली बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने एक सोपा नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं. पृथ्वी फिरते, म्हणून वारा कमी दाबाकडे सरळ न जाता त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यातून हा नियम येतो.

आता तो गोसीखुर्दला लावून बघू. एक गोष्ट आधी पक्की करा. वारा जिकडून येतो, त्या दिशेचं नाव त्याला देतात. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा. पेपरात इथेच खूप जणांचे गुण जातात.

पहिलं आभाळ : वारा आग्नेयेकडून किंवा दक्षिणेकडून आहे. दक्षिणेकडे पाठ केली की तोंड उत्तरेकडे, डावा हात पश्चिमेकडे. आग्नेयेकडे पाठ केली तर डावा हात नैर्ऋत्येकडे जातो, पण वारा दक्षिणेकडे वळत गेला की हातही पश्चिमेकडे आणि पुढे वायव्येकडे वळत जातो. म्हणजे कमी दाब पश्चिमेच्या बाजूला, विक्षोभ येतोय. ढग बहुधा उंच आणि पातळ, त्यातून सूर्य दिसतो. हा पुढे गेला की वारा उत्तरेकडे फिरेल आणि थंडी पडेल.

दुसरं आभाळ : वारा ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून आहे, आणि दमट आहे. ईशान्येकडे पाठ केली की तोंड नैर्ऋत्येकडे, डावा हात आग्नेयेकडे. आग्नेयेला काय आहे? आंध्रचा किनारा आणि बंगालचा उपसागर. ढग खाली उतरत गेले, करडे झाले, पूर्वेकडून एकामागून एक सरकू लागले, तर हे पावसाचं आभाळ.

तिसरी स्थिती : वारा उत्तरेकडून किंवा वायव्येकडून, कोरडा, ओठ फुटायला लागलेत. उत्तरेकडे पाठ केली की डावा हात पूर्वेकडे. म्हणजे कमी दाब पुढे निघून गेला. आता आकाश स्वच्छ राहील. धान वाळवायला याच्याइतके चांगले दिवस नाहीत.

लक्षात घ्या, हा नियम ओळखीपुरता आहे. जमिनीच्या घर्षणामुळे वारा काही अंश वळतो. पहाटेच्या मंद झुळकीवर तर विसंबूच नये, कारण ती नदीकाठची किंवा शेताची स्थानिक असू शकते. सकाळी १० नंतर वारा स्थिर झाला की दिशा बघा, आणि एकाच वेळी नाही तर दोन-तीनदा बघा.

आणि वेळेचं गणित? विशाखापट्टणमपासून आपण सुमारे ५२५ किलोमीटरवर. वादळाचा उरलेला भाग ताशी १५ किलोमीटरने आपल्याकडेच सरकला तर ५२५ ÷ १५ = ३५ तास, ताशी २० ने सरकला तर सुमारे २६ तास. म्हणजे साधारण एक ते दीड दिवस. मात्र ढग आणि सरी केंद्राच्या पुढे पुढे येतात, म्हणून हातात असलेला वेळ याहून कमीच धरा. वादळ किनाऱ्यावर आल्याची बातमी ऐकल्यावर ताडपत्री शोधायला सुरुवात केली तर उशीर होतो. बातमी ते समुद्रात असतानाच बघायला हवी. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज देतं, 'मेघदूत' अ‍ॅपवर शेतीसाठीचा सल्ला मराठीत मिळतो. घरातल्या मोठ्यांना तो वाचून दाखवणं हे तुमचं काम.

९. थंडी आली, आता पुढे

उत्तरेचा वारा स्थिरावला की शेतीचं पुढचं पान उघडतं. धान उभं असतानाच ओल्या बांधीत उतेरा पद्धतीने फेकलेली लाखोळी आणि जवस याच दवावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर वाढतात. ओलिताचा गहू वेळेवर पेरायचा तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. जमीन थोडी निवली की गहू चांगला उगवतो. हरभऱ्यालाही थंडी मानवते, ढगाळ हवेत मात्र घाटे अळीचा त्रास वाढतो. जलाशयावर चक्रवाक बदकं उतरतात, तीसुद्धा उत्तरेकडूनच आलेली.

पुढे डिसेंबर-जानेवारीत हेच विक्षोभ जोरात आले तर थंडीची लाट येते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असलं की हवामान खातं 'थंडीची लाट' म्हणतं. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं. 'उन्हाचं शहर' म्हणून ओळखलं जाणारं नागपूर! त्याही दिवसांत आकाश स्वच्छ होतं आणि वारा उत्तरेचाच होता.

१०. कृती : पंधरा दिवसांची हवामान वही

१५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळातले कोणतेही सलग पंधरा दिवस निवडा. रोज या पाच नोंदी करा :

१) सकाळी ६ वाजताचं तापमान. तापमापक सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, भिंतीला न टेकवता टांगा.
२) सकाळी १० आणि दुपारी ४ वाजता वाऱ्याची दिशा. काठीला बांधलेली चिंधी पुरते.
३) ढग : उंच-पातळ, खालचे-करडे, की अजिबात नाहीत.
४) दव : भरपूर, थोडं, नाही.
५) घरच्या धानाची स्थिती : उभं, कडपा, पुंजणं, मळणी झाली.

गोसीखुर्द परिसरातल्या मुलांनी एक जास्तीचा प्रयोग करावा. एक तापमापक जलाशयाच्या काठाजवळच्या घरी आणि दुसरा पाण्यापासून दोन-तीन किलोमीटर लांबच्या घरी ठेवा. पाणी हळू निवतं, हे आपण शिकलो. मग काठावरची पहाट लांबच्या शेतापेक्षा किती अंशांनी उबदार असते? उत्तर पुस्तकात नाही, तुमच्या वहीत येईल. पाण्याजवळ जाताना मोठं माणूस बरोबर असू द्या, पहाटे एकट्याने काठावर जायचं नाही.

पंधरा दिवसांनी तापमानाचा आलेख काढा. रेषा एकसारखी उतरते का? मध्ये कुठे वर जाऊन मग एकदम खाली येते का? ती जिथे खाली आली, त्या तारखेची वाऱ्याची नोंद बघा.

स्वाध्याय

१) हिमालय नसता तर गोसीखुर्दच्या नोव्हेंबरमध्ये काय फरक पडला असता? ओक्लाहोमा सिटीच्या उदाहरणाच्या आधारे लिहा.
२) हवेत १७ ग्रॅम वाफ आहे. दव पडायला तापमान किती अंशांपर्यंत उतरावं लागेल? (सहाव्या मुद्द्यातले आकडे वापरा.)
३) वारा पूर्वेकडून आहे. पाठ करून उभं राहिल्यावर कमी दाब कोणत्या दिशेला असेल? नकाशात ती दिशा शोधा.
४) फरक स्पष्ट करा : विक्षोभाचं आभाळ आणि उपसागराचं आभाळ.
५) ढगाळ रात्र स्वच्छ रात्रीपेक्षा उबदार का असते? तुमच्या शब्दांत, पाच ओळींत.
६) घरातल्या आजी-आजोबांना विचारा : थंडी येणार हे ते कशावरून ओळखतात? त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक खुणेपुढे, या पाठातलं कोणतं कारण तिला लागू पडतं ते लिहा. एखाद्या खुणेचं कारण सापडलं नाही तर तीही खोडू नका, पंधरा दिवसांच्या नोंदीशी ताडून बघा.

तिसऱ्या प्रश्नाची एक सूचना देऊन थांबतो. पूर्वेकडे पाठ म्हणजे तोंड पश्चिमेकडे. आता डावा हात पसरा. नकाशावर त्या हाताच्या रेषेत काय काय येतं ते बघा आणि मगच उत्तर लिहा. आणि यंदा आभाळ आलं की आधी अंगणात जाऊन वाऱ्याकडे पाठ करा. कडपा उचलायच्या की राहू द्यायच्या, हे ठरवताना घरच्यांना तुमचा डावा हात उपयोगी पडू दे.